जिमने कार्ड बंद करून चेहरा स्कॅन सक्तीचा केलाय, नाही म्हणता येतं का?

सिंहगडरोडवाली:
घराजवळच्या जिममध्ये मी आणि माझी मुलगी दोघी जातो, वर्षभराची फी आधीच भरून झालीये. आता रिसेप्शनवर सांगतायत की एक तारखेपासून कार्ड बंद, मशीनसमोर उभं राहायचं, चेहरा ओळखला तरच दार उघडणार. मी विचारलं फोटो कुठे जातो, किती दिवस ठेवता, आम्ही सोडून गेल्यावर काय करता, तर तिथला मुलगा म्हणतो मॅडम एअरपोर्टला चेहरा दाखवून आत सोडणारं डिजियात्रा असतंच की. अहो पण लोहगावच्या विमानतळावर डिजियात्रा नको असेल तर ओळखपत्र दाखवून आत जाता येतं, ते ऐच्छिक आहे, इथे दुसरा रस्ताच ठेवलेला नाही. मुलगी नववीत आहे आणि तिचा चेहरा कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन पडणार हे मला अजिबात पटत नाहीये. कायद्याने नाही म्हणता येतं का? आणि म्हटलं तर उरलेली फी मागता येईल का?

पेठेतला_वकील:
ताई, आधी एक करा, कुठल्याही फॉर्मवर किंवा ॲपमध्ये "मान्य आहे" म्हणू नका. आत्ता लागू आहेत ते २०११ चे आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याखालचे नियम. त्यात बायोमेट्रिक माहिती, म्हणजे चेहरा, बोटाचे ठसे वगैरे, संवेदनशील धरलीये, घ्यायच्या आधी लेखी संमती लागते, कशासाठी घेतोय आणि कोणाला देणार हे सांगावं लागतं, आणि तक्रार अधिकाऱ्याने महिन्याभरात तक्रार निकाली काढायची असते. पण त्याच नियमात एक मोठी पळवाट आहे, तुम्ही संमती नाकारली तर सेवा न देण्याची मुभा धंदेवाल्याला आहे. म्हणून फीचा मुद्दा ग्राहक कायद्यातून मांडा, पैसे घेताना ही अट नव्हती, मध्येच घातली, ही सेवेतली त्रुटी आहे असं म्हणा.

२०२३ चा डेटा संरक्षण कायदा याहून बरा आहे. त्यात संमती बिनशर्त हवी आणि कामापुरतीच माहिती घ्यायची, शिवाय १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. फक्त त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ही कलमं १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होणार. तोवर सगळे आपापली मशीनं बसवून मोकळे होतील ही माझी खरी काळजी आहे.

मशीन_बसवतो:
मी हेच काम करतो, हडपसर ते हिंजवडी. बहुतेक मशीनमध्ये चेहऱ्यासोबत कार्ड आणि पिनची सोय आधीपासून असते, सेटिंगमध्ये चालू करायची एवढंच, तेव्हा "कार्ड आता होत नाही" कोणी म्हणालं तर मॉडेल नंबर विचारा. मशीन चेहऱ्याचं मोजमाप करून आकड्यांचा साचा बनवतं आणि दर वेळी त्याच्याशी जुळवतं. हा साचा फक्त मशीनमध्ये राहिला तर धोका कमी, पण मालकाला मोबाईलवर हजेरी बघायची असते म्हणून तो क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून दुसरीकडच्या सर्व्हरवर जातो आणि मग मशीनवरून नाव उडवलं तरी तिकडची कॉपी तशीच राहू शकते. ॲडमिनचा पासवर्ड कंपनीतून आला तसाच ठेवलेला मी कितीतरी ठिकाणी बघितलाय, सांगूनही बदलत नाहीत. जिमला पत्र लिहाल त्यात हे नक्की विचारा की साचा कुठे आहे आणि दोन्हीकडून पुसल्याचं लेखी देणार का.

लक्ष्मीरोड_कापडवाले:
थोडी दुकानदाराची बाजू मांडतो. सणाच्या गर्दीत माल उचलला जातो, आणि मग कॅमेरेवाला येऊन सांगतो की चोर एकदा नोंदवला की परत आला की मोबाईलवर अलार्म वाजेल. मोह होतो हो. पण चोर ओळखायला आत येणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा तपासावा लागतो, आणि मशीन चुकलं तर माझ्या सेल्समनने एखाद्या बाईला सगळ्यांसमोर अडवायचं, ते मला नको वाटलं. साधे कॅमेरे आहेत, तेवढे बास.

पेठेतला_वकील:
@कापडवाले, अगदी हेच अमेरिकेत घडलंय. राइट एड नावाची औषध दुकानांची साखळी २०१२ ते २०२० अशी यंत्रणा वापरत होती, चुकीच्या जुळणीवरून लोकांना चोर ठरवलं गेलं, एका ११ वर्षांच्या मुलीची झडतीसुद्धा घेतली. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने त्यांच्यावर पाच वर्षं चेहरा ओळखण्याची बंदी घातली. आणि इलिनॉय राज्यात तर २००८ पासून कायदा आहे, लेखी परवानगीशिवाय बोटाचा ठसा किंवा चेहऱ्याचं मोजमाप घेतलं तर ग्राहक स्वतः कोर्टात जाऊन भरपाई मागतो, फेसबुकला तिथे ६५ कोटी डॉलर मोजावे लागले.

आपल्याकडे नव्या कायद्यात दंड २५० कोटींपर्यंत आहे, पण तो जमा होणार सरकारी तिजोरीत. ज्याचा डेटा फुटला त्याला काही नाही, उलट आयटी कायद्यातलं भरपाईचं ४३अ कलम हा कायदा काढूनच टाकतोय. बायोमेट्रिकला वेगळा, कडक दर्जाही त्यात नाही. चेहऱ्याऐवजी दुसरा पर्याय देणं दुकान, जिम, मॉल सगळ्यांना सक्तीचं करा आणि भरपाईचा हक्क परत आणा, या दोन गोष्टी आपण खासदारांकडे लावून धरल्या पाहिजेत असं माझं ठाम मत आहे.

सिंहगडरोडवाली:
खूप आभार सगळ्यांचे. आज जिममध्ये जाऊन मॉडेल नंबर मागितला, मॅनेजर जरा चपापला, म्हणाला मालकांना विचारून सांगतो. आमच्या बॅचमधल्या अजून काही बायका सही करायला तयार आहेत, त्यातल्या दोघींची मुलंही तिथेच येतात. पत्रात मागण्या अशा लिहिल्यात की कार्ड चालू ठेवा, मुलांचा चेहरा घ्यायचाच नाही, ज्यांचा घेतलाय तो मागितल्यावर पुसून लेखी द्या, नाहीतर उरलेल्या महिन्यांची फी परत. पत्र मराठीत दिलं तर चालेल ना?

पेठेतला_वकील:
बिनधास्त मराठीत द्या. नव्या कायद्यात तर संमतीची नोटीसही मागितली तर मराठीत द्यावी लागणार आहे. दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, आणि तीच प्रत ईमेलनेही पाठवा.