मदत हवी आहे: फ्रान्समधल्या त्रूव्हिलच्या किनाऱ्याचं चित्र १९३३ ते १९४५ मध्ये कोणाकडे होतं?

फ्रेंच चित्रकार यूजेन बूदँच्या धाटणीचं छोटं तैलचित्र, लाकडी फळीवर, १८ × ३५ सेंमी. वाळूत खुर्च्या टाकून बसलेली गर्दी, पांढऱ्या घेरदार झग्यांमध्ये लाल शालीचा एकच फटकारा. मागे पॅरिसमधल्या चित्रविक्री पेढीचं, द्यूराँ-र्‍युएलचं फाटकं लेबल, साठा क्रमांकाचे शेवटचे दोनच आकडे शाबूत. बूदँ १८९८ मध्ये गेल्यावर त्याच्या स्टुडिओतल्या चित्रांवर उमटवलेला 'ई. बी.' शिक्का इथे नाही. म्हणजे बहुधा हयातीतच विकलेलं.

नाझी काळातली मालकी कळल्याशिवाय विकायचं नाही. लुटलेल्या किंवा चोरलेल्या चित्रांच्या यादीत नाही, एवढ्यावर भागत नाही. मागची बाजू पुसायला कृपया सुचवू नका, खडूचे आकडे जातात. तिरप्या उजेडातले फोटो तयार आहेत. अर्धवट क्रमांक आणि माप देऊन जुन्या साठावहीत शोध घ्यायला कोणाला, कसं लिहायचं?