दूध संकलनाच्या ॲपसाठी लाइव्ह: कुठे करावं, कसं करावं?

दूधखाते
गावातल्या दूध संकलन केंद्रांसाठी अँड्रॉइड ॲप आहे. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक) टाकलं की दरपत्रकावरून रक्कम निघते आणि दहा दिवसांचं बिल तयार होतं. प्ले स्टोअरवर आलं आहे. आता लाइव्हवर केंद्रचालकांना ते चालवून दाखवायचं आहे. यूट्यूबला ३४० सबस्क्राइबर, फेसबुक पेजला दीड हजार फॉलोअर, इन्स्टाग्रामला ६००. कुठे करावं? फोनवरून की लॅपटॉपवरून? आणि लाइव्ह बघून किती जणांनी ॲप घेतलं, हे कसं मोजायचं?

स्ट्रीमवाला
इन्स्टाग्राम सध्या बाद. ऑगस्ट २०२५ पासून तिथे लाइव्हला सार्वजनिक खातं आणि किमान १,००० फॉलोअर लागतात. फेसबुकला १०० फॉलोअर आणि ६० दिवस जुनं खातं पुरतं. मात्र तिथलं लाइव्ह ३० दिवसांनी काढून टाकतात, म्हणून संपल्या संपल्या डाउनलोड करून ठेवा. यूट्यूबवर पहिल्यांदा लाइव्ह चालू करायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, तेव्हा ते दोन दिवस आधीच उरका.

यूट्यूबवर फोन उभा धरून लाइव्ह जाऊ नका. उभ्या लाइव्हच्या फीडमधल्या लिंकवर ऑगस्ट २०२३ पासून टॅप होत नाही, आणि तुम्हाला तर लिंकच हवी आहे. लॅपटॉपवर ओबीएस (लाइव्ह पाठवायचं मोफत सॉफ्टवेअर) घ्या, आडवं चित्र, ७२० पी, ३० फ्रेम, व्हिडिओ बिटरेट (दर सेकंदाला जाणारा डेटा) २,५०० ते ३,००० केबीपीएस, ऑडिओ १२८ केबीपीएस, कीफ्रेम (पूर्ण चित्राची फ्रेम) दर २ सेकंदांनी. अपलोड वेग याच्या दुप्पट, म्हणजे ६ एमबीपीएस तरी हवा. तो कमी पडला की ओबीएस फ्रेम गाळतं आणि बघणाऱ्याला चित्र अडखळताना दिसतं. खालच्या पट्टीतला गळलेल्या फ्रेमचा आकडा वाढू लागला तर बिटरेट उतरवा.

सगळ्यात जास्त चुकतं ते अक्षरांच्या आकारात. २०:९ च्या फोनची स्क्रीन ७२० उंचीच्या चित्रात बसवली की रुंदी जेमतेम ३२४ पिक्सेल उरते. समोरचा ते स्वतःच्या फोनवर बघतो, त्याला फॅटचा आकडा वाचताच येत नाही. म्हणून ओबीएसमध्ये दोन सीन (चित्राच्या मांडण्या) करा: एकात पूर्ण फोन, दुसऱ्यात फक्त नोंदीचा फॉर्म मोठा करून. आकडे टाकताना दुसऱ्यावर जा. डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘शो टॅप्स’ चालू ठेवा, म्हणजे बोट कुठे पडतंय ते दिसेल. फोन ‘डू नॉट डिस्टर्ब’वर हवा, नाहीतर ओटीपी सगळ्यांसमोर येतो.

गावबाजार
वेळ चुकली तर बाकी सगळं वाया. सकाळ-संध्याकाळ केंद्रावर काटा चालू असतो. दुपारी १२ किंवा रात्री ९ ठेवा, बिल वाटपाचा दिवस टाळा.

क्यूआर कोडवर भिस्त नको. बघणारा त्याच फोनवर लाइव्ह बघतोय, तो स्कॅन कशाने करणार? लिंक पिन केलेल्या कमेंटमध्ये द्या आणि दर सात-आठ मिनिटांनी तोंडी सांगा, कारण लोक मधूनच येतात. ॲपचं नाव प्ले स्टोअरमध्ये जसं लिहिलंय तसंच उच्चारा, बरेच जण शोधूनच घेतात.

नमुना हिशोब तोंडी पडताळता येईल असा घ्या. १२.५ लिटर, दर ३४, रक्कम ४२५. केंद्रचालक मनात गुणाकार करतो आणि जुळला की विश्वास ठेवतो. खऱ्या उत्पादकांची नावं, नंबर दाखवू नका. नेट बंद करून एक नोंद करून दाखवा. नेट नसताना चालतं का, हाच पहिला प्रश्न येणार.

आकडेमोड
मोजण्याबद्दल. फायरबेस डायनॅमिक लिंक्स (ॲपकडे नेणाऱ्या गूगलच्या लिंक) २५ ऑगस्ट २०२५ ला बंद झाल्या, जुने लेख वाचून त्या वापरू नका. प्ले स्टोअरच्या थेट लिंकला रेफरर (माणूस कुठून आला हे सांगणारा लिंकचा भाग) जोडा आणि त्यात यूटीएम स्रोत व मोहीम, म्हणजे कुठून आणि कोणत्या लाइव्हमधून आला याच्या खुणा, द्या, यूट्यूबला एक लिंक, फेसबुकला दुसरी. रेफररमधली ‘बरोबर’ (=) आणि ‘अँड’ची (&) चिन्हं एन्कोड करायला, म्हणजे %3D आणि %26 अशी लिहायला, विसरलात तर पहिल्या ‘अँड’च्या पुढचं सगळं गळतं. स्रोत कळतो, मोहीम कळत नाही. शोधून घेणारे यात मोजलेच जात नाहीत, म्हणून नोंदणीत ‘ॲपबद्दल कुठे कळलं?’ एवढा एक प्रश्न ठेवा.

‘पाच स्टार द्या, रिचार्ज मिळवा’ असलं काही लाइव्हवर बोलू नका. रेटिंगसाठी आमिष प्ले स्टोअरच्या धोरणात बसत नाही. पैसे देऊन कुणाला बोलवलंत तर जाहिरात असल्याचं सुरुवातीला आणि शेवटी बोलून सांगायचं, हा एएससीआयचा (भारतीय जाहिरात मानक परिषदेचा) नियम आहे.

दूधखाते
सगळ्यांचे आभार. चाचणीत केबलने फोनची स्क्रीन लॅपटॉपवर आली, पण लॉगिनचं पान तेवढं काळं दिसतंय. केबलचा दोष?

स्ट्रीमवाला
केबल ठीक आहे. त्या पानावर कोडमध्ये ‘फ्लॅग सिक्युअर’ लावलेला असणार, तो स्क्रीनशॉट आणि मिररिंग (स्क्रीन दुसरीकडे दाखवणं) दोन्ही अडवतो. तो काढू नका. लाइव्ह सुरू व्हायच्या आधीच नमुना खात्यात लॉगिन करून ठेवा आणि सुरुवात नोंदीच्या पानापासून करा. प्ले स्टोअरवर आहे तीच आवृत्ती फोनवर असू द्या, नाहीतर तुम्ही दाखवलेलं बटण लोकांना सापडणार नाही.