मदत हवी आहे: डायलिसिसवर असलेले बाबा एकदम गप्प झालेत. नैराश्य आहे की किडनीचाच त्रास?

मानेवाडा_रिंगरोड:
बाबा ६१ वर्षांचे. मधुमेहाने किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, दर वेळी चार तास. ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन) ६० किलो, पण मधल्या दिवसांत चार किलोपर्यंत वाढतं. लघवी दिवसाला जेमतेम २०० मिली, हिमोग्लोबिन ८.४, इन्सुलिन सुरू. ऊन तापायला लागल्यापासून कूलरच्या खोलीतून बाहेर येत नाहीत, कोणी आलं की झोपल्याचं सोंग. रात्री पाय सारखे हलवतात, दिवसा पेंगतात. घरात रोजचं भांडण पाण्यावरून. आई हातातला ग्लास काढून घेते, ते चिडतात. परवा म्हणाले, "हे किती दिवस ओढायचं?" डॉक्टरांना सांगितलं तर "मन खंबीर ठेवा" एवढंच उत्तर मिळालं. शेजारच्या काकू म्हणतात, लो सोडियम मीठ वापरा. आणू का? आणि दाखवायचं कोणाला?

तर्री_कमी_पोहे_जास्त:
ताई, ते मीठ बिलकुल आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. डायलिसिसच्या पेशंटचं पोटॅशियम चढलं की हातपाय लुळे पडतात, ठोके बिघडतात. असं कधी वाटलं तर पुढच्या डायलिसिसची वाट पाहू नका, लगेच दवाखाना.

आता पाण्याचं. आईंनी ग्लासवर पहारा ठेवून काही होणार नाही, पहारा मिठावर हवा. आठ-नऊ ग्रॅम मीठ पोटात गेलं की शरीर ते पातळ करायला लिटरभर पाणी मागतंच, तिथे माणसाचा निग्रह चालत नाही. दिवसभराचं मीठ ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, सकाळीच वाटीत काढा. त्याच्या बाहेर काही नाही. लोणचं, पापड, शेव, तयार मसाले, सावजी रस्सा बंद. साखर चढलेली असली तरी घसा कोरडा पडतो, म्हणून मीटरवर साखर पाहत जा.

पाण्याचा ढोबळ हिशेब: लघवी अधिक ५०० मिली. म्हणजे तुमच्याकडे ७००. (खरा आकडा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या.) सकाळी ७०० मिलीची बाटली भरून बाबांच्याच हाती द्या. चहा, ताक, पातळ वरण घेतलं की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाकायचं. बर्फही त्यातच मोजायचा, हे बहुतेक घरी विसरतात. गोळ्या जेवणातल्या घासासोबत. चूळ भरून थुंकणं, लवंग किंवा वेलदोडा चघळणं यावर बंदी नाही. बाटली त्यांच्या ताब्यात गेली की भांडणाचं मूळच जातं, आणि जिथं सगळंच दुसरे ठरवतात तिथं एक गोष्ट त्यांची राहते.

उन्हाळ्यात लोक प्रेमाने संत्र्याचा ज्यूस आणि नारळपाणी घेऊन येतात. दोन्हींत पोटॅशियम भरपूर. आणणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, सफरचंद किंवा नासपती आणा. कमरख (स्टार फ्रूट) तर घरातच नको, किडनीच्या पेशंटला त्याने उचक्या लागून भ्रम होऊ शकतो.

फुटाळ्याची_हवा:
वरच्या उत्तराला जोडून. चार किलो पाणी चार तासांत काढायचं म्हणजे ६० किलोच्या माणसाला तासाला किलोमागे जवळजवळ १६.७ मिली पडतात. साधारण १३ च्या वर गेलं की बीपी पडणं, गोळे येणं सुरू होतं आणि घरी आल्यावर माणूस दुसऱ्या दिवसापर्यंत गळून जातो. बाहेरून ते नैराश्यच वाटतं. १३ च्या हिशेबाने ६० किलोला चार तासांत तीन लिटरच्या आसपासच काढता येतं. वजन अडीच किलोच्या आत वाढू लागलं की किती मरगळ उतरते ते बघा. नाही उतरली तर वेळ साडेचार-पाच तास करता येईल का, हे डायलिसिस युनिटमध्ये विचारा.

हिमोग्लोबिन ८.४ कमीच आहे, साधारण १० ते ११.५ मध्ये ठेवतात. फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (लोहाच्या रक्ततपासण्या) करून घ्या, कारण लोह कमी असेल तर रक्त वाढवणाऱ्या नुसत्या एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनाने काम होत नाही. पायांची चुळबुळही लोहाच्या कमतरतेने वाढते. खाजेची ॲव्हिल आणि उलटीची मेटोक्लोप्रामाइड चालू आहे का पाहा, दोन्हींनी पाय जास्त हलतात. त्यासाठी गॅबापेंटिन दिलंच तर किडनीच्या मापाचं हवं. नेहमीच्या डोसने पेशंट गुंगीत जातो, अंगाला झटके येतात.

आणखी एक. किडनी गेली की इन्सुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं. चिडचिड झाली, घाम आला की आधी साखर तपासा. ७० च्या खाली असेल तर साखर किंवा ग्लुकोज द्या, ज्यूस नको, आणि इन्सुलिनचा डोस डॉक्टरांना कळवा. अचानक असंबद्ध बोलणं किंवा खूप गुंगी हे नैराश्य नव्हे, ती इमर्जन्सी.

निंबाखालचा_बाक:
शरीराचं वरती आलंच. मनाचं वेगळं ओळखायचं कसं, तर थकवा, भूक, झोप यांवर जाऊ नका, ती किडनीनेही बिघडतात. आवडीच्या गोष्टीतही रस उरला नाही, "मी घरावर ओझं झालो" असं वाटतं, पुढे काहीच दिसत नाही, आणि हे दोन आठवडे जवळजवळ रोज, तर ते नैराश्य धरून चाला. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची चाचणी आहे, २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञ गाठाच.

"किती दिवस ओढायचं" हे वाक्य सोडून देऊ नका. शांतपणे, थेट विचारा: "बाबा, उपचारांचा कंटाळा आलाय, की जगणंच नको वाटतं? स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. जगणंच नको किंवा स्वतःला काही करून घ्यावंसं वाटतं असं म्हणाले तर एकटं ठेवू नका, औषधं आणि इन्सुलिन तुमच्या ताब्यात घ्या, त्याच दिवशी दाखवा. टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. तुम्ही आणि आईसुद्धा फोन करू शकता.

औषधांत बहुतेकदा सर्ट्रालिन कमी डोसने सुरू करतात. फरक पडायला चार ते सहा आठवडे. सुरुवातीला मळमळ, जुलाब होऊ शकतात, आणि क्वचित पायांची चुळबुळ वाढते, म्हणून ती आधीच सांगा. मनाने बंद करायचं नाही. समुपदेशनाचाही उपयोग होतो, काही युनिटांत डायलिसिसच्या खुर्चीवर बसल्या-बसल्याच करतात. तुमच्याकडे सोय आहे का विचारून पाहा.

मानेवाडा_रिंगरोड:
मानसोपचार म्हटलं की बाबा दारातूनच परत फिरतील. काय सांगून नेऊ?

निंबाखालचा_बाक:
झोपेसाठी आणि पायांसाठी म्हणून न्या, खोटं नाहीच ते. आपल्या नागपुरात मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि मिहानचं एम्स, तिन्हीकडे मानसोपचाराची ओपीडी आहे. डायलिसिस नसलेल्या दिवशी सकाळी जा. सोबत शेवटच्या तीन डायलिसिसचे कागद (आधीचं-नंतरचं वजन, बीपी), पोटॅशियम आणि हिमोग्लोबिनचे रिपोर्ट, आणि सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, वैद्यांची चूर्णं-भस्मं चालू असतील तर तीही. लिहून दिलेलं नवं औषध पहिल्या गोळीआधी नेफ्रोलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) दाखवा. ड्युलोक्सेटिन किंवा लिथियम लिहिलं असेल तर नक्कीच.