प्रतिसाद: नोकरी सांभाळून जमेल का?
तत्त्वज्ञानाचं आधी काहीच वाचलेलं नसताना ऑनलाइन कोर्स झेपेल का असं वर विचारलंय, तर हो, नक्की झेपेल. मी एडिंबरा विद्यापीठाचा कोर्सेरा या ऑनलाइन शिकायच्या साइटवरचा, तत्त्वज्ञानाची ओळख करून देणारा कोर्स हिंजवडीच्या बसमध्ये हेडफोन लावून केला, पण नुसतं ऐकून डोक्यात काही राहत नाही हो, व्हिडिओ थांबवून वहीत लिहावंच लागतं. देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाचा १६४१ सालचा मेणाचा दाखला तर मी मेणबत्तीचा तुकडा वाटीत टाकून गॅसवर करूनच बघितला, आकार गेला, कडकपणा गेला, तरी आपण म्हणतो मेण तेच, मग तेच हे कशावरून ठरवलं? रात्री कितीतरी वेळ झोप नाही लागली. सर्टिफिकेटची घाई करू नका, आठवड्याला एकच लेक्चर घ्या आणि घरी कोणाशी तरी त्यावर भांडा, मी आईशी भांडायचे.