बिनशंखी गोगलगाई आवरायच्या आहेत, पण बेडूक-मांजरांना धक्का न लावता

रानजाई
पालक-कोबीची कोवळी रोपं रात्रीत देठापर्यंत साफ होतायत. मोठ्या पानांना वेडीवाकडी भोकं, आणि सकाळी मातीवर वाळलेली चकचकीत रेघ. वाफ्यालगत छोटं तळं आहे, त्यात बेडूक, मांजरही फिरतं. म्हणून गोगलगाई मारायच्या मेटाल्डिहाइडच्या विषारी गोळ्या नकोत. मीठ किंवा अंड्याची टरफलं चालतील का?

आळेवाला
मीठ वाफ्यात नकोच. गोगलगाय मरेल, पण मीठ मातीत साठतं आणि मुळांना पाणी ओढणं जड जातं. टरफलांवर भिस्त ठेवू नका. अंगाच्या चिकट स्रावावरून ती धारदार कडाही आरामात ओलांडते. मेटाल्डिहाइड टाळताय ते उत्तम, मांजराच्या पोटात गेलं तर जिवावर बेततं.

आधी पाण्याची वेळ बदला. संध्याकाळी पाणी दिलं की रात्रभर माती ओली, म्हणजे त्यांना रान मोकळं. सकाळी द्या, तेही रोपाच्या बुडाशीच. आच्छादन खोडापासून वीतभर लांब ठेवा.

मग सापळा: दिवस मावळताना ओलं गोणपाट किंवा फळी वाफ्याच्या कडेला ठेवा. फळीखाली दोन खडे घालून बोटभर फट सोडा, आत कोबीची टाकाऊ पानं. सकाळी ऊन चढायच्या आत उलटा आणि सापडतील त्या साबणाच्या पाण्यात टाका. हातमोजे हवेतच, कारण काही गोगलगाईंत माणसाला बाधणारे परजीवी जंत असतात. पालेभाजीही नीट धुवा. फळीखाली काळे, चपळ भुंगेरे दिसले तर सोडून द्या, ते गोगलगाई आणि त्यांची अंडी खातात. अंडी ओळखायला सोपी: भिजल्या साबुदाण्यासारखा अर्धपारदर्शक पुंजका, ढेकळाखाली किंवा कुंडीच्या बुडाशी.

चिखल्या
बिअरचा सापळाही चालतो, फक्त डबा जमिनीच्या पातळीला पुरू नका. काठ 2 सेंमी वर ठेवा, नाहीतर तेच भुंगेरे आत पडून बुडतात. बिअरऐवजी 1 कप कोमट पाणी, 1 चमचा साखर, 1 चमचा मैदा आणि अर्धा चमचा यीस्ट. वर पावसापासून आडोसा, दोन-तीन दिवसांनी बदला. रोपांना खेटून मात्र ठेवू नका. वासाने येणाऱ्या सगळ्याच काही बुडत नाहीत, बऱ्याच पिऊन परत फिरतात आणि वाटेत तुमचा पालक असतो!

रानजाई
आभार. कुंड्यांना तांब्याची पट्टी लावावी का?

आळेवाला
बेभरवशाची आहे. लावायचीच तर रुंद घ्या आणि पूर्ण वेढा द्या. एक पान बाहेर टेकलं की पूल तयार! आधीच कुंडीत असलेल्या आतच कोंडल्या जातात, म्हणून आधी तळाची भोकं आणि काठाची खालची बाजू तपासा.

औषध लागलंच तर फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या, वेष्टनावरच्या मापाने, विरळ. ढीग करू नका आणि पाकीट मांजराच्या तोंडाला लागेल असं ठेवू नका. खाणं लगेच थांबतं, पण गोगलगाई आडोशाला किंवा मातीत जाऊन मरतात. मेलेल्या दिसत नाहीत म्हणून लोक उगाच दुप्पट टाकतात.

चिखल्या
नव्या रोपांसाठी बाटलीचं बूड आणि मान कापून गळपट्टा करा, 2-3 सेंमी मातीत रोवा. रोवण्याआधी आतली माती उकरून बघा, एखादी आत राहिली तर तिला बसल्या जागी जेवण मिळेल.