मदत हवी आहे : एकाच घरात एकीची गोळी वाढवली, दुसरीची अर्ध्याहून कमी केली

आर्णीकडचा_कास्तकार
नमस्कार. उत्तर लवकर हवे आहे, कारण कापसाची वेचणी सुरू आहे आणि पुन्हा गावाबाहेर जाण्यासाठी मला अख्खा दिवस मोडता येणार नाही. घरी दोन रुग्ण आहेत. पत्नी गरोदर असून तिला फिटची गोळी सुरू आहे. मागच्या तपासणीत डॉक्टरांनी ती दीडपट केली. त्याच आठवड्यात दुसऱ्या डॉक्टरांनी माझ्या आईची साखरेची गोळी एकदम कमी केली आणि तेव्हापासून तिची साखर १८० च्या खाली येत नाही. पत्नीला दोन वर्षांत एकदाही फिट आलेली नाही, म्हणजे तिचा आजार वाढलेला नाही. आईची साखर मात्र वाढते आहे. जिच्या पोटात बाळ आहे तिला जास्त औषध आणि जिला खरोखर गरज आहे तिला कमी, हे कोणते शास्त्र? पत्नीचे वजन ७ किलोंनी वाढले म्हणून गोळी वाढवली असे धरले, तर आईचे वजन वर्षभर तेवढेच आहे, मग तिची का कमी केली? दोघांनाही विचारले तेव्हा "दिवस गेले आहेत म्हणून" आणि "वय झाले आहे म्हणून" एवढेच उत्तर मिळाले. दोघांपैकी कोण चुकले आहे, तेवढेच सांगावे.

निवृत्त_मेडिकलवाला
भाऊ, "फिटची गोळी" आणि "साखरेची गोळी" ही औषधांची नावे नव्हेत. मी तीस वर्षे काउंटरवर उभा होतो आणि या दोन शब्दांवर मी कधीही गोळी दिली नाही. पाकिटावरचे बारीक अक्षरातले नाव, मिलिग्रॅम, पत्नीला कितवा महिना आहे, आईचे वय, वजन आणि रक्तातील क्रिएटिनिन (किडनीच्या तपासणीतला आकडा) एवढे लिहा. त्याशिवाय कोण चुकले हे सांगणारा माणूस स्वतःच चुकेल.

वऱ्हाडी_आजोबा
आईसाठी जांभळाच्या बियांची पूड आणि रात्री भिजवलेले मेथीदाणे सुरू करा. मी स्वतः अकरा वर्षे घेतो आहे. गोळ्या कमी झाल्या ही चांगलीच गोष्ट आहे, तक्रार कसली करता?

धामणगावची_ताई
माझ्या चुलत बहिणीने गरोदरपणात फिटची गोळी घेतली आणि तिच्या बाळाच्या पाठीच्या कण्यात जन्मजात दोष निघाला. दादा, कोणी काहीही सांगो, वाढवलेली गोळी पत्नीला देऊ नका.

निवृत्त_मेडिकलवाला
ताई, तुमच्या बहिणीचे वाईट वाटते, परंतु ती गोळी कोणती होती हे न सांगता असा सल्ला देणे घातक आहे. फिटच्या औषधांपैकी व्हॅल्प्रोएट हे गर्भासाठी सर्वांत धोक्याचे मानले जाते. ते घेणाऱ्या शंभर मातांपैकी साधारण दहा जणींच्या बाळांत जन्मजात व्यंग आढळते. सर्वच औषधांचे तसे नसते. आणि आजोबा, मेथी-जांभळाने साखर आणखी खाली आली तर ती गोळीच्या परिणामात मिळते, हेही लक्षात असू द्या. या घरात ती आधीच खाली जात नव्हती कशावरून?

आर्णीकडचा_कास्तकार
पाकिटे समोर घेऊन लिहितो आहे. पत्नी : लॅमोट्रिजिन, सकाळ-संध्याकाळ १०० मिलिग्रॅम होती, आता दोन्ही वेळा १५० सांगितली आहे. सहावा महिना. आई : ग्लिबेनक्लामाइड ५ मिलिग्रॅम दोन वेळा होती, आता फक्त सकाळी अर्धी. वय ७४, वजन ४२ किलो. क्रिएटिनिन १.२, आणि कागदावर त्याच्यासमोर ०.६ ते १.२ असे छापलेले आहे, म्हणजे किडनी ठीक आहे. आता तरी उत्तर द्यावे.

मेळघाटातील_नर्स
दादा, पत्नीचे मी सांगते. गोळी पोटात गेल्यापासून शरीर तिला परके समजून बाहेर काढण्याच्या मागे लागलेले असते, आणि आपण रोज घेतो तो डोस म्हणजे जेवढे बाहेर गेले तेवढे पुन्हा भरणे होय. लॅमोट्रिजिन बाहेर काढण्याचे काम मुख्यतः यकृत करते. गरोदरपणात इस्ट्रोजेन हे संप्रेरक खूप वाढते आणि त्यामुळे यकृतातील नेमकी हीच यंत्रणा वेगाने चालू लागते. कित्येक स्त्रियांत हे औषध पूर्वीच्या दुपटीने किंवा त्याहूनही अधिक वेगाने बाहेर पडते. शिवाय रक्तातील पाण्याचा भाग जवळजवळ निम्म्याने वाढतो आणि किडनीही दीडपट रक्त गाळू लागते, त्यामुळे इतरही काही औषधे पातळ होतात आणि लवकर निघून जातात. म्हणजे गोळी तीच राहिली तरी रक्तातील औषध हळूहळू कमी होत जाते. डॉक्टरांनी पत्नीला जास्त औषध दिलेले नाही. रक्तात पूर्वी जेवढे होते तेवढे टिकावे म्हणून त्यांनी डोस वाढवला आहे. वजनाचा यात फारसा संबंध नाही. लॅमोट्रिजिनमुळे बाळात व्यंग येण्याचे प्रमाण औषध न घेणाऱ्या स्त्रियांच्या प्रमाणाच्या जवळपासच असते, आणि म्हणूनच गरोदरपणात ते पसंत केले जाते.

एक विचारायचे राहिले. डोस वाढवून किती दिवस झाले, आणि वहिनी तो खरोखर घेत आहेत ना?

काटोलचा_संत्रेवाला
वजनाचा संबंध नाही हे पटत नाही. आमच्या बैलाला इंजेक्शन देताना जनावरांचे डॉक्टर आधी त्याच्या वजनाचा अंदाज घेतात. शरीर ते शरीर. माणसाला वेगळा नियम कशासाठी?

निवृत्त_मेडिकलवाला
वजन हा एक भाग आहे, पूर्ण हिशेब नव्हे. आणि बैलाचा विषय काढलाच आहे तर आठवण करून देतो, की बैलाला आधी सर्रास दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे दुखण्यावरचे औषध सरकारने २००६ साली जनावरांसाठी बंद केले, कारण त्या औषधाचा अंश राहिलेली मेलेली जनावरे खाऊन गिधाडांच्या किडन्या निकामी होत होत्या. गाय जे औषध पचवते ते गिधाडाला मारते. "शरीर ते शरीर" इथेच संपले.

आता आईंचे. कागदावरच्या १.२ वर भरवसा ठेवू नका. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होते आणि ७४ वर्षांच्या ४२ किलोच्या बाईच्या अंगात स्नायू उरतात किती? तयारच कमी होते, म्हणून किडनी मंद झाली तरी आकडा चांगला दिसतो. किडनी मिनिटाला किती रक्त साफ करते याचा अंदाज काढणारे, १९७६ पासून वापरात असलेले एक सूत्र आहे : १४० मधून वय वजा करायचे, त्याला वजनाने गुणायचे, ७२ गुणिले क्रिएटिनिन याने भागायचे आणि स्त्री असल्यास उत्तराला ०.८५ ने गुणायचे. तुमच्या आईंचे उत्तर मिनिटाला सुमारे २७ मिलिलिटर येते. हाच १.२ आकडा ६० किलो वजनाच्या तीस वर्षांच्या पुरुषाचा असता तर उत्तर ७६ आले असते. कागद दोघांनाही ठीकच म्हणतो!

ग्लिबेनक्लामाइडचे यकृतात तुकडे होतात, परंतु ते तुकडेही साखर उतरवतात आणि त्यांतले बरेचसे किडनीतून बाहेर पडावे लागतात. किडनी मंद असेल तर ते साचतात आणि सकाळची गोळी मध्यरात्रीपर्यंत काम करत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीतही ६० वर्षांवरील रुग्णांसाठी हे औषध योग्य नाही अशी टीप आहे. माझ्या मते ते अर्ध्या गोळीवर आणण्यापेक्षा बदलायलाच हवे होते. पण तो निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा. या वयात साखर १८० राहिली म्हणून कोणी दगावत नाही, ती पहाटे ४५ झाली तर माणूस उठतच नाही. आईंना पहाटे घाम येणे, असंबद्ध बोलणे असे काही होत होते का? आणि दुसरी कोणती गोळी सुरू आहे?

निवृत्त_गुरुजी_उमरखेड
लहान बाळांविषयीही सांगणे आवश्यक वाटते. क्लोरॅम्फेनिकॉल नावाच्या औषधाने नवजात बाळे राखाडी पडून दगावत असल्याचे १९५९ मध्ये लक्षात आले, कारण त्यांचे यकृत ते औषध बाहेर काढण्याइतके तयार झालेले नव्हते. म्हणून मोठ्यांची गोळी अर्धी करून बाळाला कधीही देऊ नये.

मेळघाटातील_नर्स
गुरुजी, माहिती खरी आहे, परंतु या घरातले बाळ अजून पोटात आहे. दादांच्या उत्तराची मी वाट पाहते आहे.

आर्णीकडचा_कास्तकार
खरे सांगतो. पत्नी वाढवलेली गोळी घेत नाही. आठ दिवस झाले. शेजारच्या बायकांनी ताईंसारखेच सांगितले आणि मीही म्हटले की पुढच्या तारखेपर्यंत जुनाच डोस राहू द्या. जुनी गोळी मात्र एकदाही चुकलेली नाही.

आईचे म्हणाल तर होय, दिवाळीपासून ती पहाटे घामाघूम होऊन बडबडत असे आणि गोड चहा पाजला की शांत होत असे. आम्ही ते म्हातारपण समजत होतो. गोळी कमी केल्यापासून ते थांबले आहे. हे दोन एकत्र जोडण्याचे मला सुचले नाही. दुसरे औषध तिला कोणतेही सुरू नाही. फक्त गुडघे दुखतात म्हणून दुकानातून आणलेली एक साधी गोळी रोज घेते, ती काही औषधात धरायची नाही.

निवृत्त_मेडिकलवाला
त्या साध्या गोळीचे नाव लिहा.

आर्णीकडचा_कास्तकार
डायक्लोफेनॅक ५०. वर गिधाडांचे वाचले तेव्हाच उठून पाकीट पाहिले.

निवृत्त_मेडिकलवाला
तीच. ही गोळी किडनीकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करते. तरुण माणसाला दोन-चार दिवस चालते, परंतु या वयात रोज घेतली तर आधीच मंद किडनी आणखी मंद होते आणि साखरेची गोळी आणखी साचते. ती आजपासून बंद, आणि डॉक्टरांना ती किती महिने घेतली हे प्रामाणिकपणे सांगा. माझ्या काउंटरवरूनही अशी पाकिटे विनाचिठ्ठी गेली आहेत, त्यामुळे दुकानदाराला शिव्या देण्याचा अधिकार मला नाही. पहाटे पुन्हा तसे झाले आणि आई गिळू शकत असतील तर लगेच साखरेचे पाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न ओतता १०८ ला फोन करा.

मेळघाटातील_नर्स
दादा, रागावत नाही, परंतु या आठ दिवसांत फिट आली असती तर पडण्याचा आणि प्राणवायू कमी पडण्याचा धोका वहिनी आणि बाळ दोघांनाही होता. जुना डोस चालू राहिला हे नशीब. पूर्ण बंद करून पाच-सहा दिवस गेले असते तर लॅमोट्रिजिन पुन्हा एकदम पूर्ण सुरू करता येत नाही, अंगावर धोकादायक पुरळ उठू शकते आणि अगदी कमी डोसपासून चढत यावे लागते. आजच डॉक्टरांना फोन करून आठ दिवसांचे खरे सांगा आणि ते म्हणतील त्याप्रमाणे १५० सुरू करा. फोन लागला नाही तर ई-संजीवनीवर घरबसल्या सरकारी डॉक्टरांशी बोलता येते, त्यासाठी वेचणीचा दिवस मोडावा लागणार नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची विशेष तपासणी असते, तिथेही ही चिठ्ठी दाखवा.

आणि बाळंतपणानंतरचे आताच लिहून ठेवा. यकृताचा वाढलेला वेग दोन-तीन आठवड्यांत पूर्वीसारखा होतो. तेव्हा वाढवलेला डोस तसाच राहिला तर औषध साचून चक्कर, दोन-दोन दिसणे, तोल जाणे असे होते. बाळंतिणीला चक्कर आली की सगळे अशक्तपणाच समजतात. म्हणून डोस टप्प्याटप्प्याने कसा उतरवायचा हे डॉक्टरांकडून आधीच कागदावर घ्या. पुढे कधी पाळणा लांबवण्यासाठी माला-एनसारखी इस्ट्रोजेन असलेली गोळी घ्यायची झाली तर त्यानेही लॅमोट्रिजिन रक्तात कमी होते, तेही तेव्हा सांगावे लागेल.

धामणगावची_ताई
दादा, मी घाईने लिहिले होते. बहिणीला आता फोन करून विचारले, तिची गोळी व्हॅल्प्रोएटच होती.

आर्णीकडचा_कास्तकार
डॉक्टरांशी बोलणे झाले. त्यांनी चिडून का होईना, आज रात्रीपासून १५० द्यायला सांगितले, आणि बाळंतपणानंतरचा तक्ता पुढच्या तारखेला लिहून देतो म्हणाले. पत्नीने गोळी घेतली. आईच्या डॉक्टरांकडे सोमवारी जातो, वेचणी एक दिवस थांबेल. आईच्या उशीखाली डायक्लोफेनॅकची आणखी दोन पाकिटे निघाली आणि ती काढून घेतल्यामुळे ती माझ्याशी बोलत नाही. सोमवारपर्यंत तिच्या गुडघ्यांचे काय करायचे, एवढेच शेवटचे सांगावे.

निवृत्त_मेडिकलवाला
शेक द्या, वरून लावायचे मलम थोडे लावा. फारच दुखले तर पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी, दोन गोळ्यांमध्ये किमान सहा तास, आणि ४२ किलोच्या माणसाला दिवसभरात तीनपेक्षा जास्त नाही. संत्रेवाल्यांना सांगा, इथे वजन मोजले आहे.