प्रति: नेमस्पेस काढून टाकावेत का?
वर तुम्ही विचारलंय, एक्सएमएल फाईलसोबत स्कीमा (टॅग कसे वापरायचे याचे नियम) पाठवतोच, मग नेमस्पेसची (टॅग कुणाचा हे सांगणाऱ्या नावाची) अडगळ कशाला? माझं मत, ठेवाच. फाईल पुढे गेली की स्कीमा मागे राहतो. टॅग कुणाचा, हे फाईलमध्येच लिहिलेलं हवं. बेळगावच्या एका वाचनालयाची सूची आणि निपाणीच्या विक्रेत्याची यादी आम्ही एकत्र केली. दोन्हीकडे 'क्रमांक' टॅग, पण एकात पुस्तकाचा दाखल क्रमांक, दुसऱ्यात बिलाचा. नेमस्पेस होते म्हणून घोळ टळला. आणि नेमस्पेस म्हणून लिहिलेला यूआरआय (वेबपत्त्यासारखा दिसणारा मजकूर) हे फक्त नाव असतं, त्यामुळे खानापुरात नेट गेलं तरी पार्सरचं (फाईल वाचणाऱ्या प्रोग्रामचं) काही अडत नाही.

खरी गोची तुकडा कापताना होते. मूळ टॅगवरची एक्सएमएलएनएस घोषणा, म्हणजे प्रीफिक्स (टॅगच्या नावाआधीचं छोटं नाव) कोणत्या नेमस्पेसचा ते सांगणारी नोंद, खालच्या टॅगांना लागू असते. मधली एकच नोंद कॉपी केलीत की प्रीफिक्स घोषणेविना उघडा पडतो आणि पार्सर एरर देतो. चांगल्या कोड-लायब्ररी ती घोषणा तुकड्यावर पुन्हा लिहितात. पण 'एक्सएसआय:टाइप' या प्रकार सांगणाऱ्या गुणधर्माच्या अवतरणात दडलेला प्रीफिक्स त्यांच्याही नजरेतून सुटू शकतो, तेवढं हाताने तपासा.

कन्नड-मराठी शीर्षकांना 'एक्सएमएल:लँग' हा भाषा सांगणारा गुणधर्म लावा. नेमस्पेसच्या १९९९च्या शिफारशीनुसार (अधिकृत मानकानुसार) 'एक्सएमएल' प्रीफिक्सला घोषणा लागतच नाही, म्हणून कापलेल्या तुकड्यातही तो शाबूत राहतो.